दहा म्हणजे किती?

शब्दाचा अर्थ लावणं हे आम्हा कवींचंच काम, असं मी समजत नाही. संगणकाच्या परवान्यालाही अर्थ लावावा लागतो.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटी ४.० चे १९९६ साली दोन प्रकार होते: स्वस्त वर्कस्टेशन आणि महाग सर्व्हर. वर्कस्टेशनच्या चाचणी आवृत्तीत दहा मिनिटांत इंटरनेटवरच्या दहाच पत्त्यांना प्रवेश होता. टिम ओरायली आणि नेटस्केप कंपनी यांनी जोरदार हरकत घेतली. वर्कस्टेशनवर चालणारी वेब सर्व्हरची सॉफ्टवेअर दोघंही विकत होते. कंपनीनं ही तांत्रिक अडवणूक काढली. परवान्यातले ‘दहा’ मात्र ठेवले.

मग मोजायचं काय? फायली आणि प्रिंटर वाटून घेणारे कचेरीतले दहा संगणक, की वेबपान पाहून क्षणात निघून जाणारा वाटसरूही?

त्याच वर्षी ओरायलींचे सहकारी अँड्र्यू शुलमन यांनी दाखवलं, की दोन्ही प्रकारांचा गाभा एकच आहे. म्हणजे यंत्राला जमत होतं, कागद अडवत होता. अशा कागदाचा अर्थ विकणाराच एकटा ठरवू लागला, तर घेणाऱ्याच्या हाती काय उरतं? म्हणून ‘मान्य’वर बोट ठेवण्याआधी आकडा वाचावा आणि तो कशाचा आहे, हेही विचारावं.