जुन्या कापडाचा प्रवास आणि वस्त्रोद्योगाचे नियमन: एक ऐतिहासिक टिपण

महाराष्ट्रातील वस्त्रोद्योगाचा इतिहास प्रामुख्याने गिरणी, माग आणि कामगार यांच्या अंगाने लिहिला गेला. वापरून जीर्ण झालेल्या कापडाचे पुढे काय होत असे, हा प्रश्न त्यात क्वचितच आढळतो. चक्रीय अर्थव्यवस्थेचा विचार मात्र तेथूनच सुरू करावा लागतो.

पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात विरलेले सुती लुगडे गोधडीत जाई किंवा त्याची दुपटी होत. पुढे त्याचे पोतेरे आणि शेवटी काकडा. शहरात बोहारीण भांड्यांच्या मोबदल्यात जुने कपडे नेई. या व्यवहारामागे कोणताही कायदा नव्हता. सुताचा गुणधर्म आणि घरातील निकड हेच त्याचे नियामक होते.

शासनाचे नियंत्रण आले ते टंचाईतून. १९४३ मध्ये वस्त्र आयुक्तांचे कार्यालय स्थापन झाले, १९६३ मध्ये वस्त्र समितीचा कायदा झाला आणि १९७४ मध्ये आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. भाव, प्रत, रोजगार यांवर देखरेख होती. पण कापड दुकानाबाहेर पडले की ती संपे. १९८५ च्या केंद्रीय वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला वाव दिला. त्यामुळे स्वस्त व टिकाऊ कापड गरिबापर्यंत पोहोचले, हे नाकारता येत नाही. परंतु पॉलिस्टर पाणी शोषत नाही, त्याचा काकडा जळण्याऐवजी वितळतो आणि मिश्र कापडातील तंतू वेगळे करणे कठीण असते. चक्र तुटले ते धाग्यापाशीच.

पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. या नावात कापड नाही, हे लक्षणीय आहे. कापडाची वाट तोवर वेगळी होती. २०१६ च्या घनकचरा नियमांत कापडासाठी स्वतंत्र वर्गच नव्हता. ते सुक्या कचऱ्यातच गणले जाई. त्याच वर्षीच्या प्लास्टिक कचरा नियमांत उत्पादकांवर जबाबदारी टाकण्यात आली, कापडाबाबत तसे झाले नाही. शिवाय ते घनकचरा नियम मुख्यतः नागरी क्षेत्रांसाठी होते. मुळशी तालुक्यातील चांदेसारखी शहरालगतची ग्रामपंचायतीची गावे खरेदीच्या बाबतीत शहराशी जोडली गेली, कचऱ्याच्या नियमनात मात्र बाहेरच राहिली.

फ्रान्सने २००७ मध्येच कापड बाजारात आणणाऱ्यांवर वापरानंतरच्या व्यवस्थेचा खर्च टाकला. महाराष्ट्राच्या २०२३–२८ च्या वस्त्रोद्योग धोरणाच्या नावात 'शाश्वत' हा शब्द आहे. त्याचा भर मात्र गुंतवणूक व अनुदान यांवर आहे. अनुदान उत्पादकाच्या पदरात पडते. टाकलेले कापड गोळा करण्याचे ओझे बोहारीण, कचरावेचक आणि ग्रामपंचायत यांच्याकडेच राहते.