संगणक विसरतो तेव्हा

मंडळी, घरातला संगणक बंद पडला की पहिला प्रश्न ठरलेला. "आजोबा, तुम्ही काय दाबलंत?" सत्तरी ओलांडलेल्या माझ्या बहुतेक वाचकांनी तो ऐकला असेलच. मी इतिहासाचा माणूस, त्यामुळे आरोप आला की आधी पुरावा मागायची खोड! म्हणून या आरोपाचाच इतिहास जरा वाचून काढला.

संगणकाची चालू कामाची आठवण 'रॅम' नावाच्या पट्टीत असते. तिच्यात कोट्यवधी इवलीशी घरं. घरात विजेचा भार आहे की नाही, यावरून तिथे एक आहे की शून्य हे ठरतं. आता समजा एका घरातल्या एकाचा शून्य झाला. ते घर एखाद्या फोटोचं असेल तर एक ठिपका बिघडेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पत्रातलं असेल तर एखादं अक्षर बदलेल. पण तिथे प्रोग्रामची आज्ञा असेल तर सगळंच कोसळतं आणि निळी स्क्रीन येते. म्हणून आठवणीतला दोष ओळखायची पहिली खूण अशी: बिघाड जागा बदलतो. आज टायपिंग करताना, उद्या गाणं ऐकताना, परवा नुसता चालू ठेवलेला असताना. प्रोग्रामचा दोष सहसा असा भटकत नाही, तेच बटण दाबलं की तिथेच अडतो.

अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती होते. १९४७ च्या सुमारास शनिवार-रविवारी त्यांना तिथल्या रिलेच्या यंत्रावर काम करायला मिळायचं. यंत्राला चूक झाल्याचं कळायचं, पण सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करायला माणूस नसे. मग ते हॅमिंगचं गणित सोडून द्यायचं आणि पुढचं घ्यायचं. लागोपाठ दोन सोमवारी हाती काहीच लागलं नाही, तेव्हा हॅमिंग वैतागले. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये? त्या वैतागातून चूक शोधून दुरुस्त करणारी त्यांची पद्धत निघाली. ती १९५० साली प्रसिद्ध झाली.

चूक नुसती 'कळते' कशी, ते शिक्षकांना लगेच समजेल. सहलीला आपण मुलांच्या जोड्या लावतो. एक मूल एकटं उरलं की कुणीतरी हरवलंय एवढं कळतं. कोण, ते नाही कळत. आणि दोघं मिळून पळाली तर काहीच कळत नाही! संगणकातही दर आठ घरांमागे एक नववं घर ठेवत, फक्त जोडी जमते का हे बघायला. याला पॅरिटी म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीत ही सोय होती. जोडी बिघडली की यंत्र तसा संदेश दाखवून थांबायचं.

पण मला सगळ्यात आवडली ती १९७८ ची हकिकत. इंटेल कंपनीच्या नव्या मेमरी चिप्समध्ये अधूनमधून एखादं घर उलटायचं. चिप परत तपासली तर ठणठणीत! टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी छडा लावला. चिपच्या आवरणातच युरेनियम आणि थोरियमचा अगदी किंचित अंश होता. त्यातून सुटणारे अल्फा कण घरातल्या भाराची उलथापालथ करत होते. चिपजवळ अल्फा कणांचा स्रोत मुद्दाम ठेवला की तशाच चुका घडत. पुढच्याच वर्षी झीगलर आणि लॅनफर्ड यांनी दाखवलं की आकाशातून येणारे विश्वकिरणही हेच करू शकतात. (आपल्या डॉ. होमी भाभांनी १९३७ साली हायटलर यांच्याबरोबर ज्या विश्वकिरणांच्या वर्षावाचं गणित मांडलं, तेच हे किरण. आणि भाभांच्याच संस्थेत, मुंबईच्या टीआयएफआरमध्ये, पुढे 'टिफ्रॅक' हा संगणक बांधला गेला!)

२००३ च्या मे महिन्यात बेल्जियमच्या निवडणुकीत, ब्रुसेल्सजवळच्या स्खारबेक इथे, एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली. मिळणं शक्यच नव्हती एवढी, म्हणून तर पकडलं गेलं. ४०९६ म्हणजे बारा वेळा दोन घेऊन केलेला गुणाकार. तेराव्या घरातल्या शून्याचा एक झाला की नेमके तेवढेच वाढतात. प्रोग्राममध्ये दोष सापडला नाही. विश्वकिरण असावा असा अंदाज झाला, सिद्ध कसं करणार?

मात्र सगळं आकाशावर ढकलू नका. २००९ साली गूगलच्या सर्व्हरांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये चुका सापडल्या, आणि त्यातल्या बहुतेक पट्टीतच असलेल्या कायमच्या दोषामुळे. सर्व्हरमध्ये हॅमिंगच्या वंशातली दुरुस्ती असते, म्हणून त्या मोजता तरी आल्या. घरगुती संगणकातलं नववं घर १९९० च्या दशकात काटकसरीपायी निघून गेलं. हे मला अजिबात पटत नाही. चार पैसे वाचले कारखान्याचे आणि बोलणी खातो समोर बसलेला माणूस!

आमच्या भाच्याच्या संगणकाचं असंच झालं होतं. दुकानदाराने दोनदा विंडोज नव्याने टाकून दिलं, दोनदा पैसे घेतले आणि वर "घरात कोण काय काय डाउनलोड करतं?" असंही विचारलं. शेवटी भाच्याच्या मित्राने मेमटेस्ट चालवलं. हा प्रोग्राम विंडोजच्या आधीच सुरू होतो, प्रत्येक घरात ठराविक आकडे लिहितो आणि पुन्हा वाचून बघतो. रात्रभर चालवायचा, कारण एका फेरीत चोर सापडेलच असं नाही. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी! मग पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासले (हो, शाळेतलाच खोडरबर, दुरुस्तीवाले सर्रास वापरतात), खाच बदलून पाहिली, आणि एकेक पट्टी वेगळी लावून तपासली. दोनातली एक खराब निघाली. ती काढल्यावर संगणक सुरळीत चालला.

मेमटेस्ट अवघड वाटलं तर २००७ च्या विस्टापासून विंडोजमध्येच मेमरी तपासायची सोय आहे, तीही चालते. पण हल्लीच्या कित्येक लॅपटॉपांत रॅम थेट बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असते. तिथे दोष सापडला तरी पट्टी काढून बघता येत नाही, सगळा बोर्डच बदला म्हणतात.