उंबऱ्याशी अडलेले पाऊल

देवालयाच्या महाद्वाराशी पादत्राणे काढून ठेवावीत, हा नियम आपल्यापैकी कोणास मुद्दाम शिकविला गेला असेल असे वाटत नाही. आईचे बोट धरून चालू लागलो त्या वयातच तो अंगवळणी पडला. परंतु ज्याचा पायच बुटाशिवाय उभा राहू शकत नाही, त्याने महाद्वाराशी काय करावे?

हा प्रश्न मला पुस्तकांतून सुचला नाही. तो एका अशिलाने माझ्यापुढे ठेविला. हुबळी हे रेल्वेचे गाव. १८८० नंतरच्या दशकात दक्षिण मराठा रेल्वेचा कारखाना येथे उभा राहिला, तेव्हापासून रुळांनी या गावास अन्न दिले आणि अधूनमधून त्याची किंमतही वसूल केली. या गृहस्थांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. नुकसानभरपाई मिळाली, त्यातून विलायती धर्तीचा एक उत्तम पायही आला. खटला जिंकल्याच्या समाधानात मी असताना ते एवढेच बोलले, “माम, पांय मेळ्ळो, पूण देवळांत वचूंक मेळना.” पुढे रथोत्सवाच्या दिवशी मी त्यांना पाहिले. सारा समाज आत होता आणि ते चपलांच्या राशीशेजारी हात जोडून उभे होते.

वकिलाची दृष्टी मोठी कोती असते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने गेलेल्या अवयवांचे एक कोष्टक आखून दिले. दोन्ही पाय गेले तर हानी शंभर टक्के. एक गेला तर उरलेल्या खुंटाची लांबी मोजावयाची आणि त्यावरून टक्के ठरवावयाचे. या मोजमापात मनुष्याची कमाई मोजली जाते. तो पंगतीत बसू शकतो की नाही, हे कोणत्या रकान्यात लिहावयाचे? न्यायालयांची दृष्टी पुढे विस्तारली, हे मान्य केले पाहिजे. कृत्रिम पाय झिजतो, तो आयुष्यात पुन्हा पुन्हा बदलावा लागतो, तेव्हा तो खर्चही भरपाईत धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली एका अपघाताच्या प्रकरणात ठरविले. पण चपलांच्या राशीपाशी उभ्या असलेल्या मनुष्याचा प्रश्न न्यायालयात सुटणारा नव्हताच. तो सोडविला एका कारागिराने.

तत्पूर्वी थोडे मागे जाऊ. कृत्रिम पायाचा उल्लेख आपल्याकडे ऋग्वेदाइतका जुना आहे. पहिल्या मंडलाच्या ११६ व्या सूक्तात अश्विनीकुमारांच्या उपकारांची गणना आहे. त्यात खेलाच्या झुंजीत विश्पलेचा पाय तुटला आणि अश्विनांनी तिला धातूचा पाय बसवून पुन्हा धावण्याजोगी केली, असे सांगितले आहे. उत्साही मंडळी यावरून प्राचीन शल्यविद्येचे मनोरे रचतात. विश्पला ही स्त्री नसून शर्यतीची घोडी होती, असे मानणारे पंडितही झाले आहेत. आणि ‘आयसी’ या शब्दाने लोखंड घ्यावे की तांबे, हाही वादच आहे. पुराव्याच्या कायद्यास हे सूक्त पुरे पडणार नाही. मात्र पाय गेलेल्याने पुन्हा धावावे, ही इच्छा त्या काळीही देवांपुढे मांडण्याइतकी मोठी वाटत होती, एवढे त्यातून निश्चित दिसते.

अर्वाचीन काळात ही विद्या युद्धांनी वाढविली. दुसऱ्या महायुद्धात बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान इटलीत लढत होते, आणि सुरुंगांनी किती पाय नेले असतील याची कल्पना करवत नाही. अशा सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. १९७१ च्या युद्धात सुरुंगाने चिरडलेला आपला पाय खुकरीने तोडणारे गुरखा पलटणीचे अधिकारी इयान कार्डोझो पुढे कृत्रिम पायावर पलटणीचे आणि ब्रिगेडचे नेतृत्व करते झाले, हे सर्वश्रुत आहे. पण सैनिकास बूट हा गणवेशाचाच भाग. शेतकऱ्याचे, स्वयंपाकिणीचे, पुजाऱ्याचे तसे नाही.

अमेरिकेत १९५० नंतर जे ‘सॅच’ पाऊल निघाले, त्यात घोटा घट्ट असून टाचेत मऊ गादी असते. ते बुटाच्या टाचेची उंची गृहीत धरून बनविलेले. बूट काढला की मनुष्य मागे कलंडू लागतो; चिखलात, पाण्यात ते टिकत नाही; घोटा वाकत नाही म्हणून उकिडवे बसता येत नाही, मांडी घालता येत नाही. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांना असे दिसून आले की, रुग्ण हे पाय घेऊन घरी जातात आणि कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्यांवर चालू लागतात. दोष रुग्णांच्या चिकाटीचा नव्हता. तो पाय खुर्चीवर बसणाऱ्या देशासाठी घडला होता.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. शालेय विद्या बेताची, हात मात्र विश्वकर्म्याचे. सायकलचे आणि मोटारीचे टायर ज्या रीतीने रबर तापवून घडवितात, त्याच रीतीने त्यांनी पाऊल घडविले. पंजात आणि टाचेत स्पंजासारखे रबर, घोट्याशी लाकडाचा ठोकळा, त्यावर टायरमधील दोऱ्यांचे वेष्टन, आणि वरून कातडीच्या रंगाचे रबर. बोटेसुद्धा दिसावीत असे. हे १९६८ च्या सुमाराचे. हे पाऊल सर्व दिशांना वळते, ओल्या फरशीवर चालते, आणि मुख्य म्हणजे अनवाणी चालते. सेठींनी त्याचे पेटंट घेतले नाही. १९८१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचे नाव त्या मानाने थोड्यांना ठाऊक, याचा मला विषाद वाटतो. १९७५ साली जयपुरास देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहाय्यता समिती काढली आणि हा पाय मोफत वाटला जाऊ लागला. हुबळीसही १९५७ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात जैन युवक बांधवांनी महावीर लिंब सेंटर चालविले आहे. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

पाय बसविला म्हणजे चालता येते, हा भ्रम मात्र कोणी बाळगू नये. जखम भरल्यावर खुंटास पट्ट्या आवळून त्याला आकार द्यावा लागतो. गुडघ्याखाली उशी घेऊन निजण्याचा मोह आवरावा लागतो, नाहीतर सांधा आखडतो. नसलेल्या पायाची बोटे रात्री दुखतात, आणि घरची माणसे तो मनाचा खेळ समजतात. तो खेळ नव्हे, खरी वेदना होय. मग दोन समांतर दांड्यांमध्ये उभे राहून, ज्या पायाला काहीच जाणवत नाही त्याच्यावर शरीराचा भार टाकण्याचे धैर्य गोळा करावयाचे. खोबण कोठे घासते, कातडी कोठे लाल होते, हे रोज पाहावयाचे. गुडघा शाबूत असला तरी तेच अंतर तोडण्यास साधारण पावपट अधिक शक्ती लागते. मांडीतून पाय गेला असेल तर त्याहूनही कितीतरी अधिक. २०२३ साली आपल्या हुबळी स्थानकास १,५०७ मीटरांचा फलाट लाभला, त्याचा आपण अभिमान मिरवितो. तो एकदा या हिशेबाने चालून पाहावा.

नर्तकी सुधा चंद्रन यांचे उदाहरण सर्वांच्या तोंडी आहे. १९८१ साली तमिळनाडूत बसच्या अपघातात त्यांचा पाय गेला आणि १९८४ साली जयपूरच्या पावलावर त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. मधल्या काळाविषयी लोक फारसे बोलत नाहीत. मला तर मधलाच काळ महत्त्वाचा वाटतो.

माझ्या अशिलांनीही अखेर जयपूरचे पाऊल बसवून घेतले. काही महिन्यांनी आम्ही दोघे मिळून देवदर्शनास गेलो. बूट नव्हतेच, त्यामुळे चपलांच्या राशीपाशी थांबण्याचे कारण उरले नव्हते. उंबऱ्याशी मात्र ते क्षणभर घोटाळले. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी, असे त्यांना शिकविले होते; आणि देवळात उजवे पाऊल आधी टाकावे, असे त्यांच्या आजीने शिकविले होते. त्यांचा चांगला पाय डावा. त्यांनी चौकटीस हात लावला, डावे पाऊल आत टाकले आणि उजवे मागून उचलून घेतले. पुजारी भटमाम पाहत होते. त्यांनी तीर्थाची पळी पुढे केली.

प्रदक्षिणा पाच घालण्याचा संकल्प होता. तिसरीस खुंट दुखू लागला, म्हणून दोन पुढच्या एकादशीवर ठेविल्या. पंगतीत मांडी घालताना थोडा वेळ लागला, तेवढ्यात त्यांच्या पानावर खतखते वाढून झाले होते.