छत्रीधारी मराठा पलटण

भारतीय लष्करातील २ पॅरा ही मुळात मराठा पलटण आहे. १७९७ मध्ये मुंबई इलाख्याच्या फौजेत ती उभी राहिली आणि पुढे ११० वी मराठा, नंतर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन म्हणून ओळखली गेली. दुसऱ्या महायुद्धात ती एरिट्रियातील केरेन येथे आणि पुढे इटलीत लढली. १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चालून जाऊन धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. माणगाव तालुक्यातील या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हिंदुस्थानात छत्रीधारी सैन्याची सुरुवात ऑक्टोबर १९४१ मध्ये ५० व्या पॅराशूट ब्रिगेडने झाली. तिची पहिली मोठी लढाई मात्र विमानातून उडी न घेताच झाली. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे तिने साधे पायदळ म्हणून जपानी फौजेला रोखून धरले आणि कोहिमाच्या संरक्षणाला मोलाचे दिवस मिळवून दिले.

महायुद्धानंतर तिसऱ्या मराठा बटालियनने छत्री स्वीकारली. १९४८ मध्ये ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या ५० व्या ब्रिगेडमधून ती जम्मू-काश्मिरात नौशेरा आणि झांगड येथे लढली. १५ एप्रिल १९५२ रोजी पंजाब, मराठा आणि कुमाऊं या तीन रेजिमेंटांच्या छत्रीधारी बटालियन एकत्र करून पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली. मराठा बटालियन २ पॅरा झाली.

या दलात भरती स्वेच्छेने होते. खडतर चाचणीतून निभावलेल्या जवानाला आग्रा येथे उडीचे शिक्षण मिळते. पाठीवर मुख्य छत्री, छातीवर राखीव छत्री आणि विमानातील तारेला अडकवलेला पट्टा अशी तयारी असते. जवान दारातून बाहेर पडला की त्याच पट्ट्याच्या ओढीने छत्री उघडते. ठरलेल्या पाच उड्या पूर्ण झाल्या की छातीवर पंख लागतात. त्यांतली एक उडी रात्रीची असते.

या शिक्षणाचा कस बांगलादेश मुक्तियुद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी लागला. मैमनसिंगकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी तुकड्यांची वाट अडवण्यासाठी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली २ पॅराचा बटालियन गट टांगाईलजवळ उतरवला गेला. डाकोटा, पॅकेट आणि एएन-१२ विमानांतून माणसे, तोफा आणि दारूगोळा खाली आला. काही जण ठरल्या जागेपासून लांब पडले, पण स्थानिक बंगाली जनता आणि मुक्तियोद्धे मदतीला धावले. त्याच संध्याकाळी लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल हाती आला. रात्री माघारीची वाट मोकळी करण्यासाठी झालेले हल्ले जवानांनी परतवून लावले. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून येऊन मिळालेली पहिली पलटण होती १ मराठा लाइट इन्फंट्री. १६ डिसेंबरला २ पॅराने मीरपूर पुलावरून ढाक्यात प्रवेश केला. पुंगली पूल हा तिचा रणसन्मान ठरला.

पुढे २ पॅराचे विशेष दलात रूपांतर झाले. १९९६ मध्ये २१ वी मराठा लाइट इन्फंट्रीही २१ पॅरा या विशेष दलाच्या रूपात याच रेजिमेंटमध्ये आली. मरून टोपी आणि छातीवरचे पंख ही छत्रीधाऱ्याची ओळख असली, तरी सांगशाक, झांगड आणि पुंगली ही नावे जमिनीवरच्या लढाईची आहेत. उडी जवानाला रणात पोहोचवते, पलटणीचे नाव तो तिथे पाय रोवून कमावतो.