शक्यता कोणाची मोजायची? बर्कली, १९७३

निकाल लागले की घरोघरी एकच प्रश्न असतो : “एवढ्या मार्कांत आमच्या मुलीला मिळेल का हो?” आणि उत्तर टक्क्यांत हवं असतं. हे टक्के येतात कुठून, ते आज आपण पाहू. त्यासाठी अमेरिकेतल्या बर्कलीला जायचं आहे. कॅलिफोर्निया राज्याचं हे सरकारी विद्यापीठ, आणि प्रवेशाची चुरस मोठी.

१९७३ साली तिथल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना ८,४४२ पुरुषांनी आणि ४,३२१ स्त्रियांनी अर्ज केले. पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. इतक्या मोठ्या संख्येत नऊ टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगाने पडत नाही. मग स्त्रियांवर अन्याय होत होता का?

पीटर बिकेल, यूजीन हॅमेल आणि विल्यम ओ’कॉनेल या तिघांनी हे आकडे तपासले. त्यांचा लेख १९७५ साली ‘सायन्स’मध्ये आला. त्यांनी एक साधी गोष्ट ध्यानात घेतली. प्रवेश विद्यापीठ देत नव्हतं, एकेक विभाग देत होता. म्हणून त्यांनी विभागवार पाहिलं. तपासता येण्याजोग्या ८५ विभागांपैकी स्त्रियांच्या विरुद्ध ठळक फरक चारच ठिकाणी निघाला; पुरुषांच्या विरुद्ध सहा ठिकाणी!

असं कसं होईल? पुढे सहा मोठ्या विभागांचे आकडे नावं झाकून प्रसिद्ध झाले. त्यांतले दोनच घेऊ. ‘ए’ विभागात ८२५ पुरुषांपैकी ५१२ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे ६२ टक्के. १०८ स्त्रियांपैकी ८९ जणींना, म्हणजे ८२ टक्के. ‘एफ’ विभागात ३७३ पुरुषांपैकी २२, म्हणजे ६ टक्के. ३४१ स्त्रियांपैकी २४, म्हणजे ७ टक्के. दोन्हीकडे स्त्रिया पुढे. आता बेरीज करा बरं : पुरुष ४५ टक्के, स्त्रिया २५ टक्के! कारण उघड आहे. बहुतेक स्त्रिया ‘एफ’च्या अरुंद दाराशी उभ्या होत्या.

तत्त्वज्ञानाला हा पेच जुना आहे. जॉन व्हेन यांनी १८६६ सालीच दाखवलं होतं की एकच माणूस एकाच वेळी अनेक वर्गांत मोडतो, आणि वर्ग बदलला की त्याची शक्यताही बदलते. वर्ग मोठा घेतला तर त्यात आपली मुलगी दिसत नाही. लहान करत गेलो तर शेवटी ती एकटीच उरते, आणि एकटीची टक्केवारी काढता येत नाही.

आपल्याकडे सीईटीनंतर गेल्या वर्षीचा कटऑफ पाहतात, तेव्हा हाच विवेक लागतो. कटऑफ म्हणजे त्या कॉलेजात, त्या शाखेत, त्या प्रवर्गात, त्या फेरीत शेवटी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचा आकडा. यातलं एक जरी बदललं तरी तो आकडा आपल्या उपयोगाचा नाही. “त्या कॉलेजात कोणाला मिळतंय?” असं ऐकून अर्जच न भरणारी मुलगी सगळ्यांची सरासरी स्वतःला लावून घेत असते.

पण बर्कलीची गोष्ट इथे संपत नाही. प्रवेश समित्या बऱ्याच अंशी निर्दोष ठरल्या म्हणून अन्याय कुठेच नव्हता, असं त्या तिघांनी म्हटलं नाही. ज्या विभागांना गणिताची तयारी लागत नव्हती, तिथेच स्त्रियांची गर्दी होती, आणि तिथे जागा कमी. म्हणजे अर्ज भरायच्या कितीतरी वर्षं आधी, घरात आणि शाळेत, त्यांची वाट वळवली गेली होती.

तेव्हा “मिळेल का?” हे विचारावंच. पण हिला या दाराशी कोणी आणून उभं केलं, दुसरं दार तिला कधी दाखवलं होतं का, हेही आपण स्वतःला विचारायला हवं. तो प्रश्न निकालाच्या दिवशी विचारून भागत नाही. मुलगी पाचवी-सहावीत असतानाच तो विचारायचा असतो.