नाकतोडे व टोळ : जबलपूर परिसरातील परसबाग

नाकतोडे व टोळ हे ऑर्थॉप्टेरा गणातील, आखूड शृंगिकांचे, पाने कुरतडणारे कीटक आहेत. जबलपूरच्या परसबागांत नाकतोडे पावसाळ्यात दरवर्षी दिसतात. टोळधाड मात्र क्वचित येते. म्हणून बागेतील किडा यांपैकी कोणता हे आधी ठरवावे व मगच उपाय करावा.

ओळख : टोळ ही नाकतोड्यांच्याच काही जातींची अवस्था होय. गर्दी वाढली की या जातींचा रंग, वर्तन आणि काही प्रमाणात शरीराचा आकारही बदलतो व त्या थव्याने उडू लागतात. वाळवंटी टोळ (शिस्टोसर्का ग्रेगॅरिया) थव्यात असताना कोवळेपणी गुलाबी व प्रौढपणी पिवळा दिसतो. एकेकटा, हिरवा किंवा मातकट, हात लावताच उडी मारणारा किडा बहुधा नाकतोडाच असतो. भातावरील हायरोग्लिफस बॅनियन हा नाकतोडा गवतावरही वाढतो. निमुळत्या डोक्याचा हिरवा अट्रॅक्टोमॉर्फा भाज्यांवर येतो. रुईवरचा पिवळा, निळसर-हिरव्या पट्ट्यांचा पोइकिलोसेरस पिक्टस उठून दिसतो. त्याचे पिल्लू डिवचले तर द्रव फवारते, म्हणून ते डोळ्यांपासून दूर धरावे.

नुकसान : पानांच्या कडा वेड्यावाकड्या खाल्लेल्या दिसतात. पालक, मेथी, वांगी, भेंडी यांची कोवळी रोपे सर्वाधिक सोसतात. गोगलगायीप्रमाणे चकाकणारा चिकट माग नाकतोडा सोडत नाही.

जीवनक्रम : मादी मातीत फेसाळ वेष्टणात अंडी घालते. भातावरील नाकतोड्याची अंडी बांधांत व पडीक जागेत उन्हाळा काढतात आणि पहिल्या पावसानंतर फुटतात. पिल्लांना पंख नसतात. कात टाकत ती वाढतात आणि ऑगस्टपासून प्रौढ दिसू लागतात. या जातीची वर्षाला एकच पिढी होते. म्हणूनच उन्हाळ्यातली मशागत हा खरा उपाय ठरतो.

नियंत्रण : एप्रिल-मे महिन्यांत वाफे व कुंपणालगतची माती 10 ते 15 सेंमी खोल उकरावी. अंडी उघडी पडून उन्हाने वाळतात व साळुंक्या ती टिपतात. पावसाळ्यात बांधावरचे गवत वाढू देऊ नये. पहाटे गारव्यात किडे सुस्त असतात. त्या वेळी ते हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. रोपांवर बारीक जाळी घालावी. पिल्ले दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. त्यासाठी 500 ग्रॅम निंबोळी चूर्ण रात्रभर पाण्यात भिजवून गाळावे, पाणी 10 लिटरपर्यंत भरावे व थोडा साबण मिसळावा. प्रौढांवर त्याचा परिणाम कमी होतो. बेडूक, सरडे, प्रार्थनाकीटक यांना जपावे.

टोळधाड : 2020 च्या मे महिन्यात राजस्थानातून आलेले वाळवंटी टोळांचे थवे मध्य प्रदेशात पसरले व विदर्भात अमरावती, नागपूर, वर्धा या जिल्ह्यांत पोहोचले. थवा दिवसाला 100 ते 150 किमी अंतर कापू शकतो. एक चौरस किमीच्या थव्यात 4 ते 8 कोटी टोळ असू शकतात व ते एका दिवसात सुमारे 35,000 माणसांच्या अन्नाइतके खातात. पश्चिम भारतात विसाव्या शतकाच्या आरंभी उपद्रव करणारा मुंबई टोळ (पटांगा सक्सिंक्टा) ही वेगळी जात आहे.

थवा दिसल्यास थाळ्या, डबे, ढोल वाजवून तो उतरू देऊ नये व वाफे कापडाने झाकावेत. आवाजाने टोळ मरत नाहीत, पुढे सरकतात. सायंकाळी ते झाडांवर बसतात, म्हणून शासकीय पथके रात्री ते पहाटे फवारणी करतात. त्यामुळे थवा कोठे बसला हे कृषी विभागाला तातडीने कळवावे. मॅलेथिऑनसारखी विषे घरच्या भाजीवर स्वतः मारू नयेत. चार नाकतोड्यांसाठी मधमाश्या, पक्षी व स्वतःचे ताट धोक्यात घालणे अयोग्य आहे.