बंदिशीतली सही

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने 'काहीही चालेल, पण कामाबद्दल लिहू नकोस' अशी प्रेमळ ताकीद दिली. म्हणून गाण्याबद्दल लिहिते. आपल्या बॅचमध्ये गाणं रीतसर शिकलेल्या तिघीचौघी आहेत, त्यांनी हसू नये. मी नुसती ऐकणारी. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज जाता-येता जो वेळ मिळतो, तो गेली पंधरा वर्षं मी गाण्याला दिला. राग मला चटकन ओळखता येत नाही, तिहाई मोजता मोजता सम निघून जाते. पण ऐकता ऐकता एक प्रश्न मात्र मागे लागला: हे गाणं केलं कोणी?

फोनवरचं अ‍ॅप गायकाचं नाव दाखवतं, फार तर रागाचं. रेडिओवरही गायक, राग, ताल, तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, इतकं सांगून होतं. पाश्चात्त्य संगीतात आधी बाख किंवा मोझार्ट आणि मग वाजवणारा, आपल्याकडे बरोबर उलट. कारण उघड आहे. ख्यालात बंदिश चार ओळींची, आणि तिच्यावर अर्धा-पाऊण तास जे उभं राहतं ते गायकाचं. तरीही त्या चार ओळी कोणाला तरी सुचलेल्या असतात. आणि सुचणाऱ्याने पुष्कळदा त्यांत आपलं नाव घालून ठेवलेलं असतं, अगदी आपल्या अभंगांत 'तुका म्हणे' येतं तसं. गाण्यातल्या या सहीला मुद्रा म्हणतात. अंतऱ्यात 'सदारंग' ऐकू आलं की तो रंगाचा उल्लेख नसून एका माणसाचं नाव आहे, हे कळलं आणि माझं ऐकणंच बदललं.

सदारंग म्हणजे नियामत खाँ. दिल्लीचा बादशहा मुहम्मदशहा 'रंगीले' (कारकीर्द १७१९ ते १७४८) याच्या दरबारातला बीनकार. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली, मयूरसिंहासन नेलं, ते याच बादशहाच्या काळात. त्याच सुमारास निजामाबरोबर दख्खनमधून दर्गाह कुली खाँ नावाचा एक तरुण सरदार दिल्लीत गेला होता. त्याने शहरातल्या मैफली, दर्गे, गायक-नर्तकी यांचं फारसीत वर्णन लिहून ठेवलं आहे. 'मुरक्का-ए-दिल्ली' म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यात नियामत खाँच्या बीनवादनाची भरभरून स्तुती आहे. म्हणजे सदारंग ही निव्वळ दंतकथा नाही, त्याला ऐकलेल्या माणसाची साक्ष आपल्याकडे आहे.

दंतकथाही आहे, आणि मला ती आवडते. दरबारात गायकाला साथ करायला सांगितलं म्हणून नियामत खाँ रुसून निघून गेला. मग टोपणनावाने ख्याल रचून त्याने दोन मुलांना शिकवले, त्यांनी ते दरबारात गायले, आणि 'हा सदारंग कोण?' असं बादशहालाच विचारावं लागलं, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण त्याच्या नावाच्या कित्येक बंदिशींत 'सदारंग'बरोबर 'मोहम्मदशा' हेही नाव येतं, एवढं नक्की. एकाच गाण्यात सही आणि अर्पणपत्रिका! राज्य गेलं, तख्त गेलं, आणि बादशहाचं नाव आज पुण्यात तबल्याच्या ठेक्यावर रोज कुठे ना कुठे घेतलं जातं.

गंमत पुढे आहे. 'सदारंग' मुद्रेच्या सगळ्या बंदिशी सदारंगाच्या नाहीत, असं जाणकार सांगतात. मागाहून आलेल्यांनी आपली रचना त्याच्या नावावर घातली, म्हणजे तिला मान मिळेल. आमच्या धंद्यात कोडची कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी एक आज्ञा असते. तिचं नाव 'ब्लेम', म्हणजे दोष कोणाचा! दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवणारे तिथे अधूनमधून सापडतात. आपलं काम दुसऱ्याच्या नावावर सोडून देणारा मात्र मी अजून पाहिलेला नाही.

हा साठा शतकभराहून अधिक काळ तोंडातोंडी चालला, आणि घराण्यांत राखूनही ठेवला गेला. चांगली बंदिश ही घरची मिळकत. ती मुलीला लग्नात आंदण दिल्याच्याही गोष्टी आहेत. ही कुलुपं उघडायला मुंबईच्या वाळकेश्वरला १८६० मध्ये जन्मलेला एक वकील निघाला. विष्णु नारायण भातखंडे. गावोगाव, संस्थानोसंस्थानी फिरून त्यांनी उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, कधी शिष्य होऊन, कधी विनवण्या करून, आणि स्वरलिपीत उतरवून 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. त्यांची 'हिंदुस्तानी संगीत पद्धति' गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे आणि ती मुळात मराठीत लिहिलेली आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? संगीताच्या तासाला बाई फळ्यावर स्वराखाली आडवी रेघ मारून कोमल आणि मध्यमावर उभी रेघ मारून तीव्र लिहायच्या, ती लिपी त्यांचीच. भातखंड्यांनी स्वतःही बंदिशी केल्या, 'चतुर' या मुद्रेने.

त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली. कागदावरची बंदिश हा सांगाडा आहे, त्यात जीव नाही, असं गायक म्हणत. उस्तादांची विद्या घेऊन उस्तादांनाच अडाणी ठरवलं, असा आक्षेप आजचे अभ्यासकही घेतात, आणि तो अगदीच निराधार नाही. तरी मी भातखंड्यांच्या बाजूची. ज्याची नोंद नाही ते एका माणसाबरोबर जातं.

त्याच सुमारास दुसरं एक यंत्र आलं. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गने गौहर जानचं ध्वनिमुद्रण केलं. तीन मिनिटांचं गाणं संपलं की ती ठणकावून इंग्रजीत आपलं नाव सांगते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या, तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून ही पद्धत. गाणारीचं नाव असं कायमचं कोरलं गेलं, रचणाऱ्याचं असलंच तर अंतऱ्यात. आज अ‍ॅपमध्ये जे चालतं त्याची सुरुवात मला तिथे दिसते.

आपल्या संगीत नाटकांनी मात्र एक चांगली रीत पाळली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'सौभद्र' (१८८२) मध्ये कीर्तन, लावणी, कानडी पदं अशा ठिकाणांहून चाली घेतल्या. नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा निर्देश असे. उसनवारी लपवायची नाही! पुढे 'मानापमान' (१९११) च्या चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या आणि 'स्वयंवर' (१९१६) च्या भास्करबुवा बखल्यांनी. भास्करबुवा फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा तीन वाटांनी शिकलेले. अस्सल रागदारी त्यांनी पदांमध्ये उतरवली आणि ज्यांनी कधी मैफल पाहिली नव्हती त्यांच्या तोंडी बसवली. माझ्यासारख्या हौशी श्रोत्यांची जात महाराष्ट्रात तयार झाली ती इथे, असं मला वाटतं. लोक मात्र म्हणणार 'बालगंधर्वांचं पद'.

आता माझ्या आवडीचे. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ, मुद्रा 'प्रेमपिया'. बडे गुलाम अली खाँ, 'सबरंग'. आणि सगळ्यांत लाडके जगन्नाथबुवा पुरोहित, 'गुणिदास' (१९०४-१९६८). जोगकंस हा राग त्यांनी बांधला. इतका भरलेला राग आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या एका माणसाने केला, हे मला अजून पटकन खरं वाटत नाही. माणिक वर्मा, राम मराठे, सी. आर. व्यास, जितेंद्र अभिषेकी हे सगळे त्यांचे शिष्य. व्यासांनी पुढे 'गुनिजान' या नावाने बंदिशी केल्या, त्यात गुरूच्या मुद्रेचा पडसाद ऐकू येतो. अभिषेकीबुवांनी १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली'ला संगीत दिलं. सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिला. विद्या घराण्याबाहेर द्यायची की नाही, हाच त्यातला झगडा. भातखंडे ज्या दारांवर थांबले, ते दार पुरुषोत्तम दारव्हेकरांनी रंगमंचावर उभं केलं.

किशोरीताईंची भूपातली बंदिश सगळ्यांच्या ओठांवर असते. ती त्यांचीच रचना आहे, हे माहीत नसणारेही खूप भेटतात. प्रभाताई अत्र्यांच्या मारुबिहाग आणि कलावतीतल्या बंदिशींचंही तेच. विज्ञान आणि कायदा शिकलेल्या प्रभाताईंनी आपल्या बंदिशी स्वरलिपीसह पुस्तकांतून छापल्या. याला कायद्याचीही एक बाजू होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'संगीतकृती' म्हणजे लिहिलेली किंवा छापलेली रचना, अशीच व्याख्या होती. नुसती गायलेली, गळ्यातून गळ्यात गेलेली बंदिश तिच्यात बसत नसे. व्याख्या बदलली १९९४ मध्ये. तेव्हा आपण शाळेत होतो आणि पाठ केलेली बंदिश वहीत उतरवून घेत होतो: वर राग, ताल, मात्रा, खाली स्थायी, अंतरा. रचनाकारासाठी रकाना नव्हता. वही कोणाकडे अजून असेल तर संमेलनाला घेऊन या, अंतऱ्यात कोण कोण सापडतं ते बघू.